मात्सुशिरोचं झोझान भुयार: हिरोशिमा पाहिलंत, आता इथेही जा

जपान पाहायला आलेली आपली माणसं हिरोशिमाला हमखास जातात, आणि जायलाच हवं. पण तिथून परतल्यावर आमच्या घरी जेवताना एक प्रश्न निघतोच: बॉम्ब टाकला नसता तर युद्ध कसं संपलं असतं? कुणी म्हणतं, जपान तसाही शरण येणारच होता. कुणी म्हणतं, लाखो माणसं आणखी मेली असती. हा वाद घालण्याआधी मी पाहुण्यांना नागानोकडे पाठवते. बॉम्ब पडले नसते तर पुढचे महिने कसे काढायचे, याची तयारी तिथे डोंगर फोडून केलेली आहे आणि आजही ती डोळ्यांनी पाहता येते.

टोकियोहून शिंकान्सेनने नागानो, तिथून बसने साधारण अर्धा तास. मात्सुशिरो हे सानादा घराण्याच्या किल्ल्याचं जुनं गाव आहे. गावातून चालत झोझान डोंगराच्या पायथ्याशी गेलात की भुयाराचं तोंड लागतं. प्रवेश मोफत. दारातच हेल्मेट देतात, ते घालूनच आत जायचं. जवळपास सहा किलोमीटर खोदकामापैकी ५०० मीटरच्या आसपास भाग लोकांसाठी खुला आहे.

१९४४च्या उन्हाळ्यात पॅसिफिकमधलं सायपान बेट अमेरिकेच्या हाती पडलं आणि टोकियो अमेरिकी विमानांच्या टप्प्यात आलं. तेव्हा लष्करी मुख्यालय, सरकारी खाती, रेडिओ आणि खुद्द सम्राट यांना डोंगराच्या पोटात हलवायचं ठरलं. ११ नोव्हेंबर १९४४ला पहिला सुरुंग उडाला. कागदोपत्री नाव होतं ‘मात्सुशिरो गोदाम’. डोंगर तीन. झोझानमध्ये सरकारी खाती, रेडिओ केंद्र आणि टेलिफोन, माइझुरुयामामध्ये मुख्यालय आणि सम्राटांचं निवासस्थान, तर मिनाकामीयामामध्ये साठवण. १५ ऑगस्ट १९४५ला काम थांबलं तेव्हा बहुतेक खोदाई उरकली होती.

आत शिरल्यावर लगेच जाणवतो तो गारवा, आणि नंतर मोजमाप. हे गुहेसारखं वेडंवाकडं भोक नव्हे. समांतर बोगदे, त्यांना काटकोनात छेदणारे आडवे बोगदे, शहरातल्या गल्ल्यांसारखी आखणी. माणूस सहज ताठ उभा राहतो, दोन्ही बाजूंना टेबलं मांडून मधून चालता येईल एवढी रुंदी आहे. मंत्रालयं बसवण्यासाठीच ते बेतलं होतं, हे सांगावं लागत नाही. भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात, एके ठिकाणी खडकात अडकलेली पहार तशीच आहे. जमिनीवर ढिगारा वाहणाऱ्या ट्रॉलीच्या रुळांखालच्या लाकडांच्या खुणा आहेत. कुंपणाने बंद केलेल्या आडव्या बोगद्यांत मोबाइलचा उजेड टाकून बघा, शेवट दिसत नाही.

हा खडक फोडला कुणी? मुख्यतः कोरियन मजुरांनी. हजारोंच्या संख्येने त्यांना इथे आणलं होतं, अनेकांना जबरदस्तीने. आधी तीन पाळ्या होत्या, मग बारा-बारा तासांच्या दोन झाल्या. सुरुंगात, दरडीखाली आणि उपासमारीत माणसं गेली. त्यांच्या नावांची पूर्ण यादी नाही, कारण शरणागतीनंतर लष्कराने कागद जाळले. बंद भागात एका भिंतीवर काजळीने कोरियातल्या तेगू शहराचं नाव लिहिलेलं आहे, त्याचा फोटो पाहायला मिळतो. आपल्या गावाचं नाव अंधारात दगडावर लिहिणारा तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. प्रवेशद्वाराजवळ कोरियन मृतांचं स्मारक आहे. आत जाण्याआधी तिथे दोन मिनिटं उभं राहा.

आता मूळ प्रश्नाकडे. १९४६ साली अमेरिकेच्याच सामरिक बॉम्बफेक पाहणीने निष्कर्ष काढला, की अणुबॉम्ब, रशिया आणि चढाई यांपैकी काहीही नसतं तरी जपान १९४५ संपण्याआधी, बहुधा १ नोव्हेंबरच्याही आधी, शरण आला असता. मला हा निष्कर्ष पटत नाही, आणि न पटण्याचं कारण हेच भुयार. तारखा पाहा. २६ जुलैला पॉट्सडॅमचा, म्हणजे शरण या असा मित्रराष्ट्रांचा, इशारा आला. ३१ जुलैला सम्राट आपल्या सल्लागाराशी, किदोंशी, बोलत होते ते इसे आणि आत्सुता इथल्या देवळांतली पवित्र राजचिन्हं शिन्शूला, म्हणजे याच नागानो भागात, सुरक्षित हलवण्याबद्दल. हिरोशिमाला तेव्हा सहा दिवस उरले होते. डोंगरात जाऊन पुढे लढण्याचा पर्याय टेबलावर होता, तोही सगळ्यात वरच्या टेबलावर.

आणखी एक माणूस लक्षात ठेवा: मासाताका इदा. मुख्यालय आतल्या डोंगराळ भागात हलवावं ही कल्पना मांडणाऱ्यांतला हा लष्करी अधिकारी. १४ ऑगस्टच्या रात्री सम्राटांचं शरणागतीचं भाषण प्रसारित होऊ नये म्हणून राजवाड्यात बंड करणाऱ्यांतही काही काळ तो होता. दोन अणुबॉम्ब पडले होते, रशिया मांचुरियात घुसला होता, तरी हे घडलं. ९ ऑगस्टच्या रात्री सर्वोच्च युद्ध परिषदेतल्या सहा जणांचं शरणागतीच्या अटींवरचं मत तीन विरुद्ध तीन असंच होतं. बॉम्ब वजा केले तर हे पारडं शांततेकडे आपोआप झुकलं असतं, असं म्हणायला मला धीर होत नाही.

मग काय झालं असतं? अमेरिकेची योजना तयार होती. १ नोव्हेंबर १९४५ला दक्षिण क्यूशूवर १४ डिव्हिजन, मार्च १९४६मध्ये टोकियोजवळ कुजुकुरी आणि सागामीच्या किनाऱ्यांवर त्याहून मोठी फौज. क्यूशूवर कुठे उतरणार हे जपानी लष्कराने बरोबर ओळखलं होतं आणि ऑगस्टपर्यंत तिथे सैन्याचा डोंगर उभा केला होता. त्यात ९ ऑक्टोबरला ओकिनावावर भयंकर तुफान आलं, बारा जहाजं बुडाली, दोनशेहून जास्त किनाऱ्यावर फेकली गेली. चढाईची तयारी त्याच बंदरांतून झाली असती, म्हणजे तारीख पुढे ढकलावी लागली असती. इवो जिमावर भुयारं खोदून महिनाभर झुंजलेले जनरल कुरिबायाशी याच मात्सुशिरोचे, हेही भुयारात चालताना आठवतं. ते बेट जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं होतं.

चढाई झालीच नसती असंही समजू. मार्चपासून विमानांतून समुद्रात टाकलेल्या सुरुंगांनी बंदरं आवळली होती. पुढचं लक्ष्य रेल्वे ठरलं होतं, आणि त्या वर्षी भाताचं पीक फार वाईट आलं. उत्तरेकडचा तांदूळ टोकियोला पोचला नसता तर १९४६च्या वसंतात उपासमारीने किती मेले असते, याचा विचार करवत नाही. रशियाला तर बॉम्बची गरज नव्हतीच. जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्वेला उतरायचं, हे मित्रराष्ट्रांच्या याल्टाच्या बैठकीतच ठरलं होतं. स्टालिनची नजर जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरही होती. जर्मनीसारखा तुकडा पडलेला जपान ही मला यातली सगळ्यात शक्य वाटणारी गोष्ट वाटते.

म्हणून हिरोशिमा योग्य ठरतं का? माझं उत्तर नाही असंच आहे. शाळेला निघालेली मुलं जाळणं योग्य ठरवणारं कोणतंही गणित मला मान्य नाही. पण ‘बॉम्ब नसता तर शांतता’ एवढंच बोलणाऱ्यांच्या चित्रात हे मजूर नसतात, जपानच्या ताब्यातल्या उत्तर व्हिएतनाममध्ये, टोंकिनमध्ये, तांदळाविना लाखोंनी मेलेले व्हिएतनामी नसतात, चीन नसतो. आणि आपलीही माणसं नसतात.

माझे आजोबा साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ४/५ पलटणीत होते. मार्च १९४४मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढलेली ही पलटण. १९४५च्या ऑगस्टमध्ये त्यांची २३वी भारतीय डिव्हिजन मलायाच्या किनाऱ्यावर चढाईच्या तयारीत होती, मोहिमेचं नाव झिपर. शरणागतीनंतर ९ सप्टेंबरला मोरिबच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तेव्हा समोरून गोळीबार नव्हता, तरी गाड्या चिखलात रुतून बसल्या. समोर मशीनगन असत्या तर आमच्या घरात मी जन्मले असते का, हे माहीत नाही. आणि युद्ध ‘संपल्यावर’ ही पलटण जावामध्ये सुराबायाला गेली. ऑक्टोबरअखेर तिथे दोन मराठा पलटणी असलेल्या ब्रिगेडला स्वातंत्र्यासाठी उठलेल्या इंडोनेशियनांनी घेरलं, तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. आजोबा मलायाबद्दल दोन शब्द बोलायचे, सुराबायाबद्दल कधीच नाही.

हे भुयार आज पाहायला मिळतं याचं श्रेय मुलांना आहे, हेही सांगायला हवं. १९८५ साली नागानोच्या एका शाळेतले विद्यार्थी सहलीला ओकिनावाला गेले. तिथे १९४५च्या लढाईत सुमारे ९४,००० सामान्य नागरिक मारले गेले होते, आणि त्या लढाईने जो वेळ मिळवला त्या वेळात आपल्या गावात भुयार खोदलं जात होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. परतल्यावर त्यांनी ते जपण्याची मागणी लावून धरली. १९८९पासून लोकांना आत जाता येऊ लागलं.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सकाळी ९ ते ४, शेवटचा प्रवेश साडेतीनला. महिन्याचा तिसरा मंगळवार बंद असतो, नववर्षाचे दिवसही, म्हणून निघण्याआधी वेळ तपासा. उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्या, जमीन ओलसर असते, चपला नकोत. फलक थोडे आहेत आणि मजकूर मोजका, तेव्हा इतिहास घरूनच वाचून जा, नाहीतर वीस मिनिटांत बाहेर याल आणि ‘नुसता बोगदा’ म्हणाल. अंधाराची, कोंडल्याची भीती वाटणाऱ्यांनी तोंडाजवळूनच पाहून परतावं. शेजारच्या छोट्या संग्रहालयात मजुरांची आणि लैंगिक शोषणासाठी इथे ठेवलेल्या कोरियन स्त्रियांची माहिती मिळते, ते चुकवू नका.

त्याच दिवशी माइझुरुयामाही करा. सम्राटांसाठी बांधलेली खोली तिथे आहे, खिडकीतून आत पाहता येते. युद्धानंतर ती जागा भूकंपमापनाला दिली, कारण एवढा भक्कम खडक दुसरीकडे मिळणं कठीण. झोझानहून तिथे पायी जाता येतं, वाट घरांमधून आणि शेतांमधून जाते. आठवी-नववीच्या पुढची मुलं असतील तर नक्की न्या, फक्त आधी त्यांना ३१ जुलैची तारीख सांगा.