यूवर्ल्ड एनक्लेक्स-आरएन: पैसे वसूल होतात ते स्पष्टीकरणात

जिने एनक्लेक्स-आरएन (अमेरिकेत नोंदणीकृत नर्स, म्हणजे आरएन, होण्यासाठीची परवाना परीक्षा) द्यायचं पक्कं केलंय तिने यूवर्ल्डची ही ऑनलाइन प्रश्नपेढी घ्यावी. नॉरसेटची (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेची) तयारी करणारीने घेऊ नये. तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, सामान्य ज्ञानही विचारतात. इथे त्यातलं काही नाही.

खरा माल आहे प्रत्येक प्रश्नाखालच्या स्पष्टीकरणात. बरोबर पर्याय का बरोबर, हे कुठलंही गाईड सांगतं. इथे उरलेले का चुकले तेही एकेक करून लिहिलंय, शिवाय किती टक्के लोकांनी कोणता पर्याय निवडला ते दिसतं. धुळे-जळगावच्या वॉर्डांत पोस्टिंग केलेल्या मुली नेमक्या इथेच अडतात. रडणाऱ्या पेशंटला "काही होत नाही मावशी, बऱ्या व्हाल" म्हणणं आपल्याकडे माणुसकी. एनक्लेक्समध्ये ते खोटं आश्वासन, म्हणजे चुकीचं उत्तर. वॉर्डबॉय आणि नातेवाइकांवर आपण बरंच काही सोपवतो. तिथे असेसमेंट, पेशंटला शिकवणं आणि मूल्यमापन आरएननेच करायचं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध लिहून दिलंय, पण प्रौढ पेशंटची एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ठोके) मिनिटाला ६० च्या खाली आहे? डोस रोखा, डॉक्टरांना कळवा. "सरांनी लिहिलंय ना" चालत नाही. ज्ञान कमी पडत नाही, वॉर्डातली सवय आडवी येते. संवाद आणि कामवाटपाचे २०-२५ प्रश्न सलग सोडवले की आपली सवय आपल्याच लक्षात येते.

औषधांची नावंही अमेरिकी: पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, अॅड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन. वजन पाउंडात दिलं तर २.२ ने भागून किलो काढा आणि मगच डोस मांडा.

ड्यूटी सांभाळून दिवसाला ३०-४० प्रश्न पुरे, तेही ट्यूटर मोडमध्ये, कारण त्यात स्पष्टीकरण लगेच उघडतं. सोडवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ वाचनाला द्या. ७५ प्रश्न रेटून नुसती उत्तरं बघितली तर आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा चुकतो. शेवटच्या महिन्यात टाइम्ड मोड (घड्याळ लावून सोडवणं) लावा आणि 'इनकरेक्ट' फिल्टरने चुकलेले प्रश्न पुन्हा काढा. अनेक पर्याय निवडायच्या प्रश्नांत सरसकट खुणा करू नका. एप्रिल २०२३ पासून त्यात अंशतः गुण मिळतात, पण चुकीची खूण कमावलेला गुण खाते. शून्याखाली मात्र जात नाही.

आता टक्क्यांचं. पेढीत ५५ टक्के बरोबर दिसले की हॉस्टेलवर रडारड सुरू होते, कारण आकडा मार्कशीटसारखा वाचला जातो. ही पेढी मुद्दाम अवघड ठेवलेली आहे. मूळ परीक्षाही उत्तरं बघून प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत नेते, त्यामुळे निम्मं चुकतंय असं चांगल्या तयारीच्या मुलीलाही वाटतं. त्या परीक्षेत ८५ ते १५० प्रश्न येतात, वेळ ५ तास. संगणक ८५ वर थांबला म्हणजे पास नव्हे, आणि १५० पर्यंत चालला म्हणजे नापासही नव्हे.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत, घरी अहिराणी आणि दहावीपर्यंत मराठी माध्यम असलेल्या मुलीला पहिले काही आठवडे जडच जातील. पैसे डॉलरमध्ये भरायचे, म्हणून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. चौघींनी मिळून एकच लॉगिन वापरणं नियमात बसत नाही, आणि चौघींचे निकाल एकत्र झाल्यावर कुणाचं काय कच्चं आहे ते कुणालाच कळत नाही.

परीक्षेच्या दिवसाचं काही यात शिकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. खान्देशातून जवळचं केंद्र मुंबईत. रात्रीच्या गाडीने उतरून थेट परीक्षेला बसण्यापेक्षा आदल्या दिवशी पोहोचा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट न्यायचा. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, अर्जात राहून जातं. दोन्हीकडचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते, म्हणून नोंदणी करतानाच पासपोर्ट समोर उघडून ठेवा. परीक्षेत मधली ऐच्छिक सुट्टी २ तासांनी आणि साडेतीन तासांनी मिळते. तो वेळ त्याच ५ तासांतून जातो.