महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड: आठ महिने वापरल्यावर

गावातल्या आशा सेविकेने मागे लागून कार्ड काढायला लावलं होतं. दोन वर्षं ते रेशनकार्डाच्या पिशवीत पडून होतं. नोव्हेंबरात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात त्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढता ओढता घोव (नवरा) वाळूत बसला, तेव्हा पहिल्यांदा बाहेर काढलं.

आधी चांगलं सांगते. कोल्हापुरात हृदयाची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, चार दिवस मुक्काम. त्याचे पैसे शेवटी आम्हाला पडले नाहीत. महात्मा फुले योजनेत पूर्वी बहुतेक उपचारांना दीड लाखाचीच मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख मिळतात, आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. माझं मंगळसूत्र गळ्यातच राहिलं, यातच काय ते आलं.

आता खटकलेलं. आधारवर आणि रेशनकार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. मंजुरी अडली. काउंटरवाल्याने "तोपर्यंत ८,००० भरा" म्हटलं, मी भरले. नंतर रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र म्हणाला, योजनेतल्या उपचाराला पैसे घेताच येत नाहीत. ते परत मिळाले, पण दीड महिना फोन करून करून. पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१०८ रुग्णवाहिकेने ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत फुकट नेलं. पुढे फोंडा घाटातून खासगी गाडी, ६,००० रुपये. ते आमचेच.

खरी गोष्ट घरी आल्यावर सुरू झाली. आमच्या बाबतीत योजनेने धरलं ते दाखल असतानाचं. घरी सोडल्यावर थोडे दिवस गोळ्या मिळाल्या, मग महिन्याला दीड हजार. जनऔषधी दुकानातून घ्यायला लागलो तेव्हा निम्म्यावर आले. तपासणीला कोल्हापूरला जायचं तर माझाही दिवस बुडतो, त्या दिवशी सुकी मासळी घेऊन बाजारात बसता येत नाही. आणि रापणीच्या माणसाला पगार नसतो, वाटा असतो. दोरीला हात नाही तर वाटा नाही. सहा महिने तो शून्य. त्यात जून-जुलैत खवळलेल्या समुद्रामुळे रापण बंदच. हा खड्डा भरणारं कुठलंही कार्ड आमच्याकडे नाही. बँकेत वर्षाला २० रुपये कापून घेतात तो विमा अपघाताचा, हृदयाला चालत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो वाट्याचा.

सध्या समुद्र बंद आहे तोवर आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळवून घ्या. मी शेजारणीला म्हटलं तर ती म्हणते, "कार्ड आसा मा, मगे भिता कित्याक?"

घोव आता मांडवात बसून फाटकी जाळी सांधतो. डॉक्टर दोरी ओढू देत नाहीत. रापणकरांनी अर्धा वाटा द्यायचं कबूल केलंय.