गाणाऱ्या रोबोसाठी डीएफप्लेअर मिनी: जरूर घ्या

भाचीच्या ब्लूटूथवर चालणाऱ्या रोबोला गाणं वाजवता यावं म्हणून सांगलीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून हे मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारं मॉड्यूल आणलं. टपाल तिकिटाएवढं आहे, पण ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड घेतं. आत ३ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यामुळे छोटा स्पीकर थेट जोडता येतो. आर्डुइनोने (रोबो चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) फक्त ९६०० बॉडवर, म्हणजे डेटा पाठवायच्या ठरावीक वेगाने, हुकूम सोडायचा, बाकी सगळं हेच सांभाळतं.

दुकानातल्या काकांनी जोडणी पुठ्ठ्यावर काढून दिली आणि बजावलं, "आरएक्सच्या, म्हणजे मॉड्यूलकडे हुकूम नेणाऱ्या, वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकाच." त्यांचं खरंय. आर्डुइनो ५ व्होल्टचा सिग्नल देतो, याचं काम ३.३ व्होल्टवर चालतं. रेझिस्टर नसला की स्पीकर घरघरतो. टाकला की आवाज एकदम स्वच्छ, तबल्याची थापसुद्धा नीट ऐकू येते. मोटारींना बॅटरी वेगळी द्या, ग्राउंड (ऋण बाजूची वायर) मात्र एकच ठेवा. कार्ड फॅट३२ (फायली साठवण्याची पद्धत) मध्ये फॉरमॅट करा, फायलींना ०००१, ०००२ अशी नावं द्या.

गणपतीत रोबोने घरभर फिरून आरती वाजवली, भाची त्याच्यामागे टाळ घेऊन! स्पीकर एकच, त्यामुळे आवाज मोनो. बैठकीच्या खोलीला भरपूर, मंडपाला मात्र पुरणार नाही.