स्टॅटिक ग्रास गन: बेळगावचा अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

स्टॅटिक ग्रास गन म्हणजे मॉडेल रेल्वेच्या देखाव्यावर नायलॉनच्या तंतूंचं गवत उभं करायचं मशीन. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मशीन चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही. पण पाकिटातलं गवत जसंच्या तसं मारलं तर तुमचं स्टेशन बेळगाव जिल्ह्यातलं न वाटता जर्मनीतलं वाटतंय, आणि जून ते सप्टेंबर हे मशीन आपल्याकडं जवळजवळ कपाटातच ठेवायचं असतंय. सविस्तर लिहितोय कारण घ्यायच्या आधी मला मराठीत ह्यावर कुठंच काही सापडलं नाही आणि जे व्हिडिओ बघितले ते सगळे थंड देशातले, हिटर लावलेल्या खोलीतले.

माझा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन, शिवार असा मॉडेल रेल्वेचा सगळा देखावा, कसला आहे ते आधी थोडक्यात. वरच्या खोलीत भिंतीला धरून आठ फूट बाय दोन फूट, स्केल एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढं. खानापूर आणि लोंढ्याच्या मधे, गुंजीच्या आसपास कुठंतरी असू शकंल असं एक काल्पनिक स्टेशन, एक लूप (मेन लाईनला दोन्हीकडनं जोडलेली बाजूची लाईन), एक सायडिंग (डबे उभे करून ठेवायची लाईन), जांभ्याचं कटिंग म्हणजे दगड कापून लाईनसाठी काढलेली वाट, पलीकडं भाताची शिवारं. काळ वर विजेच्या तारा यायच्या आधीचा, डिझेलचा. दूधसागर का नाही केलास हे घरी येणारा प्रत्येकजण विचारतोय, तर हिशोब करून बघा की, धबधबा साधारण ३१० मीटर, त्याला ८७ नं भागलं तर साडेतीन मीटरच्या वर जातंय, म्हणजे स्लॅब फोडायला लागंल. आणि तो कॅसलरॉकच्या खालचा प्रसिद्ध १:३७ चा (सदतीस फुटाला एक फूट चढणारा) घाट, तो माझ्या आठ फुटात जेमतेम साडेसहा सेंटीमीटर चढतोय, बघणाऱ्याला वाटतंय हात्तिच्या एवढाच, पण एवढ्याला तिथं मालगाडीला मागनं बँकर इंजिनं लावायला लागतात. रूळ बाजारात मिळणारे नेहमीचेच, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, ते ह्या स्केलला सव्वाएकोणीस मिमी भरायला पाहिजे, त्यामुळं गाडी जरा अरुंद रुळावर उभी दिसतीय. बरोबर मापाचे रूळ स्वतः हातानं घालणारे धन्य आहेत, मला ते जमणारं नाही.

आता मशीन. हातात मावेल एवढं, पुढं डबी, डबीला जाळीचं झाकण, मागनं एक वायर निघते आणि तिला चिमटा. डबीत नायलॉनचे बारीक तंतू भरायचे, जिथं गवत पाहिजे तिथं फेव्हिकॉल लावायचा, त्या ओल्या फेव्हिकॉलात खिळा टोचून त्याला चिमटा लावायचा, बटण दाबायचं आणि जाळी एक-दीड सेंटीमीटर वर धरून हलवत ऱ्हायचं. आत काही हजार व्होल्ट तयार होतात पण करंट अगदी नगण्य. तंतूंवर चार्ज बसतो आणि ते जाळी ते फेव्हिकॉल ह्या दिशेनं उभेच्या उभे जाऊन रुततात. पहिल्यांदा बघताना खरंच भारी वाटतंय, सपाट पांढऱ्या गोंदावर बघता बघता उभं गवत. चिमट्याचा खिळा ओल्या गोंदातच पाहिजे, थर्माकोलमधे नुसता खुपसून उपयोग नाही कारण थर्माकोलमधनं वीज जात नाही, आणि गोंद सुकत आला की गवत आडवं पडायला चालू. म्हणून मी वीतभर वीतभरच करतो. आडवं पडलेलं गवत म्हणजे न्हाव्याच्या दुकानात खाली पडलेले केस, कितीही रंग मारा ते गवत दिसत नाही.

बरेचजण विचारतात की मच्छर मारायच्या बॅटचं सर्किट आणि चहाची गाळणी जोडून घरीच होतंय की, मग तीन-साडेतीन हजार कशाला घालवायचे? होतंय, मी दोन्ही वापरलंय म्हणून सांगतो. २ मिमीचं गवत बॅटवाल्या जुगाडानं बऱ्यापैकी उभं ऱ्हातंय. ४ मिमीला अर्धं उभं अर्धं तिरकं. ६ मिमीला मात्र बॅट हात टेकते, तिथं जास्त व्होल्टेजच पाहिजे. नुसतं स्टेशनच्या आवारातलं खुरटं गवत करायचं असेल तर गाळणी बास झाली, फक्त स्वतःची नवीन गाळणी आणा, घरच्या गाळणीत नायलॉन अडकला की चहा करणारं माणूस काय बोलतंय ते मी इथं लिहू शकत नाही.

आता पावसाळा. व्हिडिओवाले ह्यावर एक शब्द बोलत नाहीत. जुलैत आमच्याकडं कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तिथं ह्या तंतूंचं काय होणार, डबा उघडला तर आत सगळे गोळे. जाळीतनं एकेक तंतू पडायच्या ऐवजी बोंडंच्या बोंडं पडाय लागली आणि पडलेली उभी राहीनात. मशीन बिघडलं समजून मी सेलरला मेसेज टाकला, त्यानं दुसरी बॅटरी घाला म्हणून उत्तर देऊन विषय संपवला. बॅटरीचा काही संबंध नव्हता, ओल होती. उपाय एवढाच की गवत हवाबंद बरणीत ठेवायचं, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकायच्या आणि काम करायच्या आधी तंतू कागदावर पसरून जुन्या पिवळ्या बल्बखाली थोडा वेळ शेकायचे. तेवढ्यानं काम चालतंय पण मजा नाही. फेव्हिकॉलसुद्धा एका रात्रीत वाळायचा तो दोन दिवस चिकटच, आणि लाकडाचा भुसा रंगवून झुडपं केली होती त्यांच्यावर पांढरी बुरशी. नायलॉनच्या गवताला बुरशी नाही आली, भुश्याला आली, तेव्हा भुसा वापरायचाच असेल तर दिवाळीनंतर वापरा. उलट बाजू पण आहे. मार्चच्या दुपारी हवा फारच कोरडी असली की तंतू डबीच्या प्लॅस्टिकलाच चिकटून बसतात, खाली पडतच नाहीत. संध्याकाळी तेच मशीन, तेच गवत, एकदम झकास बसतंय. त्यामुळं आपल्या हवेत खरा सीझन ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही वेळ बघून.

रंगाचं दुखणं वेगळंच. पाकिटावर स्प्रिंग, समर, ऑटम लिहिलेलं असतंय. त्यांचा समर म्हणजे मऊ हिरवागार, आपल्या उन्हाळ्यात खानापूरच्या माळावर गवत असतंय का हिरवं? आपल्याकडं हिरवं ते पावसाळ्यात, दसऱ्यापर्यंत शेंडे पिवळे पडाय लागतात, डिसेंबरात सगळं वाळून सोनेरी आणि फेब्रुवारी-मार्चमधे वणव्यानं जळालेले काळे पट्टे. मी दिवाळीनंतरचे दिवस धरलेत, त्यामुळं ऑटमचं पाकीट आणि वाळक्या रंगाचं पाकीट जास्त, हिरवं अगदी मीठ टाकल्यागत, सगळं कॉफीच्या बरणीत घालून हलवायचं. हिरवं फक्त नाल्याच्या कडेला आणि नळाच्या कोंडाळ्याजवळ. एवढं केल्यावर पहिल्यांदा गावाकडचा एकजण बघून म्हणाला, हे आपल्याकडचं दिसतंय की रे.

उंचीचा हिशोब पण मांडून ठेवा, नाहीतर नुसतं अंदाजानं जातंय. २ मिमी म्हणजे खऱ्यातलं सतरा सेंटीमीटर, ४ मिमी म्हणजे पस्तीस, ६ मिमी म्हणजे बावन्न, गुडघ्याएवढं. १२ मिमी म्हणजे मीटरभर, कापणीला आलेल्या भाताच्या जवळपास. माझं भात कापून झालंय, त्यामुळं शिवारात फक्त खुंट पाहिजे होते आणि ते २ मिमीत बरोब्बर बसतात. पण खुंट ओळीत असतात आणि मशीन तर सगळीकडं गवत उडवतंय. त्याला उपाय मेंदीच्या कोनात सापडला. रिकाम्या कोनात फेव्हिकॉल भरून बारीक टोक कापायचं, पट्टी धरून ठिपक्यांच्या ओळी मारायच्या, वर वाळक्या रंगाचे तंतू मशीननं मारायचे आणि वाळलं की बोर्ड तिरका करून झटकायचा. गोंद जिथं आहे तिथंच खुंट राहतात, बांधावर वेगळं ६ मिमीचं गवत. सगळ्या लेआउटवर मला हाच तुकडा सगळ्यात जास्त आवडतो, तळहाताएवढा आहे फक्त. ऊस मात्र ह्या मशीनचं काम नाही, दहा फुटी ऊस म्हणजे पस्तीस मिमी. चिकोडी-रायबागकडचा सीन करणाऱ्यांनी कागदाच्या पट्ट्या कापायची तयारी ठेवावी.

मशीन हातात आलं की माणूस सगळीकडं गवत मारत सुटतं, मी पण रुळाच्या अगदी कडेपर्यंत, खडीतसुद्धा मारलं होतं, फोटोत छान दिसायचं. आमच्या गल्लीत एक रिटायर गँगमन मामा आहेत, त्यांना कौतुकानं दाखवायला वर आणलं. चष्मा सारखा करून बराच वेळ वाकून बघितले आणि म्हणाले, "सगळं बेस झालंय रे, पण खडीत गवत? खडीत गवत दिसलं तर मुकादम आम्हाला उभं सोडत नव्हता." मग त्यांनीच बोटानं दाखवलं, खडी संपली की सेस, गँग चालायची मोकळी पट्टी, कटिंगमधे त्याच्या पलीकडं पाणी जायची गटार, आणि गवत त्याच्या पलीकडनं. खडीत गवत पडलं की माती साठते, पाणी तुंबतं आणि लाईन बसते, म्हणून ते काढायचंच. मेन लाईनजवळचं सगळं गवत खरवडून काढलं, फक्त सायडिंगमधे ठेवलं कारण तिथं वापर कमी, तिथं ते शोभतंय. त्या मोकळ्या पट्टीमुळं लेआउट जेवढा खरा वाटाय लागला तेवढा नुसत्या गवतानं कधीच वाटला नसता.

खडी आणि माती विकत घेऊ नका, एवढं ऐका. रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिमीची असती, १:८७ मधे ती पाव ते पाऊण मिमी होते, आणि पाकिटातली बऱ्याचदा ह्यापेक्षा जाडी असते, बघितल्यावर रुळाखाली धोंडे घातल्यागत दिसतंय. क्रशरवरची डस्ट आणून दोन चाळण्यांमधनं काढली की झालं, वरच्या चाळणीतनं खाली पडलेली आणि खालच्या मैद्याच्या चाळणीवर राहिलेली घ्यायची. आपला काळा दगड असल्यानं त्यात लोहाचे कण असतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून एकदा फिरवून घ्या, नाहीतर इंजिनाची मोटर ते कण ओढून घेती. चिकटवायला फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसला तर पाणी खडीवर थेंबासारखं उभं ऱ्हातंय, आत मुरत नाही. माती जांबोटीकडची लाल, तव्यावर भाजून वस्त्रगाळ केलेली. गोंद-पाणी पडलं की ती एक शेड गडद होती आणि वाळली तरी पूर्ण परत येत नाही, तेव्हा वरनं थोडी कोरडी माती ब्रशनं घासायची.

जांभ्याचं कटिंग थर्माकोलचं केलंय. थर म्हणून कापून, तारेच्या ब्रशनं टोचून टोचून भोकं पाडली, वरनं पातळ पीओपी, मग लाल मातीचंच पाणी. त्यावर स्प्रे पेंट डायरेक्ट मारू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात, आधी फेव्हिकॉलचा नाहीतर पीओपीचा हात द्या. झाडांना तांब्याची तार, मोटर वायंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते, पिळून बुंधा आणि फांद्या. कुंपणाच्या झुडपांना वाळलेल्या दोडक्याची जाळी, हिरव्या रंगात बुडवून. ह्यावर लिहायला बसलो तर वेगळाच लेख होईल.

मशीनचे बाकीचे दोष. ९ व्होल्टची बॅटरी खातंय. बॅटरी उतरली की मशीन बंद पडत नाही, चालू असतंय, लाईट पण लागते, फक्त गवत तिरकं पडायला लागतं, आणि हे लवकर लक्षात येत नाही. अ‍ॅडॉप्टरवर चालणारं मॉडेल मिळत असेल तर सरळ तेच घ्या. चिमट्याची वायर फारच आखूड आली होती, मी दोन फूट वाढवून घेतली. जाळी आणि चिमटा एकावेळी हातात आले तर शॉक बसतो, जीवाला काही होत नाही पण हातातली डबी उडून गवत खोलीभर होतं, बटण बंद केल्यावर पण जाळी खिळ्याला टेकवून मगच हात लावा. आणि काम झाल्यावर रूळ, सांधे सगळं व्हॅक्यूमनं साफ करा, नळीच्या तोंडाला जुना स्टॉकिंग लावला की गवत वाया जात नाही, परत बरणीत जातंय. एकदा तंतू इंजिनाच्या गिअरमधे गुंडाळला की चिमटी घेऊन बसायला लागतंय.

ज्यांचा लेआउट दोन-तीन फुटाचाच आहे त्यांनी बॅट आणि गाळणीवर भागवावं. चार फुटाच्या वर असेल आणि माळ, बांध, घाट असलं काही करायचं असेल तर मशीन घ्या, पण पावसाळ्यात नको, दसऱ्याच्या सुमाराला मागवा म्हणजे आल्याआल्या वापरता येईल. आणि त्याबरोबर हिरव्याची तीन पाकिटं घेऊ नका, हिरवं एक, वाळक्या रंगाची तीन घ्या.