सिव्हिलायझेशन ५ वर व्हॉक्स पॉप्युली : शत्रूला अक्कल आली, पण टर्न संपता संपत नाही

सिव्ह ५ हा पाळीपाळीने खेळायचा, साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम, याहून जास्त सांगत बसत नाही. व्हॉक्स पॉप्युली हा त्याच्यावर हौशी लोकांनी बनवलेला मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करणारी भर. दोन्ही एक्सपान्शन (गेमचे अधिकृत जोडभाग) असतील तरच पुढे वाचा, त्यांच्याशिवाय हा मॉड चालत नाही. मॅकवाल्यांनीही इथेच थांबावं. मॉडने गेमची डीएलएलच, म्हणजे गेमचं डोकं असलेली प्रोग्रॅम फाइलच, बदललेली आहे आणि ती विंडोजपुरतीच आहे.

हे लिहायला बसलो तो एका घोडेस्वारामुळे. मूळ गेममध्ये माझा एक हुकमी डाव होता. सीमेवर एकटा घोडेस्वार उघड्यावर सोडायचा आणि मागे टेकडीवर धनुर्धारी दडवायचे. समोरचा हटकून अंगावर यायचा आणि एकेक करून कापला जायचा. व्हॉक्स पॉप्युली टाकल्यावर तोच डाव मांडला. शत्रूचा भालेवाला पुढे आला, थबकला आणि मागे सरला. पुढच्या टर्नला जंगलातून दोन धनुर्धारी निघाले, त्यांनी घोडेस्वाराला अर्धमेला केला आणि तोच भालेवाला येऊन त्याला संपवून गेला. माझे धनुर्धारी टेकडीवरून नुसते बघत राहिले, कारण सगळा प्रकार त्यांच्या रेंजच्या बरोब्बर एक घर पलीकडे झाला. युनिट गेलं आणि मी खूश!

सिव्ह ४ मध्ये अख्खी फौज एका घरात रचता यायची, त्यामुळे कॉम्प्युटरला ढीग मोठा केला की भागायचं. २०१० मध्ये सिव्ह ५ ने षटकोनी घरं आणली, एका घरात एकच लढाऊ युनिट हा नियम आणला, आणि कोण कुठे उभा राहतो हीच लढाई होऊन बसली. मूळ एआयची, म्हणजे शत्रूच्या चाली ठरवणाऱ्या कॉम्प्युटरची, भंबेरी उडते ती इथेच. मॉडवाल्यांनी नेमका हाच भाग नव्याने लिहिला. त्यांचा एआय आसपासच्या युनिटांच्या चाली एकत्र जुळवून बघतो, अशा बऱ्याच जुळण्या तपासतो आणि त्यातली बरी उचलतो. म्हणून जखमी युनिट मागे जातं, ताजं पुढे येतं, आणि आपण ज्याला मारायला टपलो होतो तो दुरुस्त होऊन परत दारात उभा. हे सगळं फुकट! गेमकर्त्यांनी डीएलएलचा सोर्स कोड मॉडर्सना खुला केला नसता तर यातलं काहीच झालं नसतं, याचे मार्क त्यांना दिलेच पाहिजेत.

आमिषाला न भुलणं सोपं नाही, बरं का. २०१९ च्या जानेवारीत डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या एआयने स्टारक्राफ्ट २ या लढाईच्या गेममध्ये टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना मिळून १०-० हरवलं. त्याच्या एकेका एजंटला (म्हणजे शिकवून तयार केलेल्या खेळाडू-प्रोग्रॅमला) २०० वर्षांपर्यंतच्या खेळाचा सराव दिलेला होता. नंतरच्या लाइव्ह सामन्यात मात्र मानाने एका वाहक यानातून मोजकी युनिटं त्याच्या तळामागे नेली. अल्फास्टारची फौज धावत आली की यान उडून जायचं, फौज वळली की पुन्हा हजर. त्या येरझाऱ्यांत वेळ गेला आणि सामनाही गेला. तेव्हा हौशी लोकांनी फावल्या वेळात लिहिलेला आणि घरच्या प्रोसेसरवर चालणारा एआय माझ्या घोडेस्वाराला भुलत नाही, याचं मला कौतुक वाटणारच.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग मोठ्या नकाशावर एक गेम शेवटपर्यंत नेला आणि अर्धा स्टार कापला.

पहिली गोष्ट म्हणजे टर्नची वाट. सुरुवातीला कळत नाही, पण कारखान्यांचा काळ आला आणि सगळ्यांकडे फौजा झाल्या की ‘नेक्स्ट टर्न’ दाबून उठावं, हातपाय मोकळे करावेत, परत यावं, तरी एआय विचारच करतोय. एवढ्या चाली तपासायच्या तर वेळ लागणार, हे डोक्याला पटतं. बोटाला पटत नाही. क्विक कॉम्बॅट (लढाईची दृश्यं वगळणारी सेटिंग) चालू करा आणि लहान नकाशा घ्या, निम्मा त्रास तिथेच जातो.

दुसरी गोष्ट, सावधपणाचा कधीकधी अतिरेक होतो. माझ्या एका शहरासमोर त्याची बरी मोठी फौज होती आणि आत एकच जखमी युनिट. तरी तो माऱ्याच्या टप्प्याबाहेर ताटकळत राहिला. चढला असता तर शहर गेलंच होतं.

वरच्या लेव्हलला एआयला बोनस मिळतात, ते इथेही आहेत. त्यावर बोंब मारणाऱ्यांना एवढंच सांगतो की मूळ गेममध्ये तो बोनस उधळून हरायचा, इथे वसूल करतो. मी एम्परर या अवघड लेव्हलवरून एक लेव्हल खाली उतरलोय आणि तिथेही घाम निघतो.

नवी आवृत्ती आली म्हणून लगेच टाकू नका. जुने सेव्ह बहुतेक वेळा चालत नाहीत, हातातला गेम आधी संपवा. नव्या सिव्हसाठी पैसे बाजूला काढले होते, ते तूर्त रॅमवर घालतोय.

साडेचार स्टार.