तिबिलिसीत फ्लॅट भाड्याने घेताय? नुसता डोळ्यांनी बघून पैसे देऊ नका

परदेशात घर शोधताना सगळे एकच सल्ला देतात, फोटोवर जाऊ नका, स्वतः जाऊन बघा आणि मगच पैसे द्या. आम्ही जाऊन बघितलं होतं. नळ सोडून बघितले, गिझर लावून बघितला, नवऱ्याने तर वायफायचा स्पीडही चेक केला. तरी 1200 डॉलर गेले, म्हणजे एक लाखाच्या वर रुपये. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण जॉर्जियात (तिबिलिसी ही तिथली राजधानी) आता आपले लोक खूप जातात, फिरायला जातात, रिमोट कामवाले जातात आणि एमबीबीएसची पोरं तर कितीतरी आहेत तिकडे.

आम्ही दोघंही लिहून पोट भरतो. मी वेबसाइटचं कंटेंट आणि भाषांतरं करते, हा सिरियलचे डायलॉग लिहितो. लॅपटॉप आणि नेट असलं की झालं, त्यामुळे एका शहरात दोन-तीन महिने टिकून राहायचं, बाजारातून भाजी आणायची, घरी वरणभात लावायचा, काम करायचं आणि उरलेल्या वेळात भटकायचं अशी आमची पद्धत. तिबिलिसी त्याला एकदम सोयीचं. घड्याळ भारताच्या फक्त दीड तास मागे, म्हणजे मुंबईची अकराची मीटिंग तिकडे साडेनऊला चहा घेत घेत उरकते. लोबिओ म्हणून राजम्याचा प्रकार मिळतो, भट्टीतली गरम पुरी मिळते (पुरी म्हणजे तिकडचा पाव, आपली पुरी नाही). एकंदर जीव रमतो.

पण भाडी! 2022 ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियातून लोकांचा लोंढा आला, तेव्हा तिथली भाडी एकदम चढली. आम्ही शोधत होतो तेव्हा बरा फ्लॅट सकाळी दिसायचा आणि संध्याकाळी गेलेला असायचा. त्यात व्हेरा भागात 600 डॉलरला एक बेडरूमचा फ्लॅट दिसला. तसले बाकीचे सातशे-आठशेला होते, म्हणजे हा स्वस्त होता पण संशय यावा इतका नाही. हे प्रमाण जाहिरात टाकणाऱ्या माणसाला बरोबर माहीत होतं.

माणूस तिशीतला, इंग्रजी फर्डं, बोलायला गोड. जुनी सोव्हिएत काळातली बिल्डिंग, लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय ती हलत नाही, तिकडे अजून अशा लिफ्टा आहेत, तर याने स्वतःच्या खिशातून नाणं काढून टाकलं आणि हसून म्हणाला, इथे राहायचं तर सुट्टे बाळगा. आम्ही लेखक आहोत कळल्यावर तर त्याने सरळ खिडकीजवळचं टेबल दाखवलं, समोर म्तात्समिंदाच्या डोंगरावरचा टीव्ही टॉवर दिसत होता, म्हणाला शेजार शांत आहे, तुम्हाला लिहायला बरं. अहो, अजून काय पाहिजे. करार दोन रकान्यांत, एकीकडे जॉर्जियन एकीकडे इंग्रजी, मालक म्हणून त्याचं नाव, आयडी कार्डही दाखवलं. पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधी द्यायचं, तसं मागणारे तिथे बरेच असतात, त्यामुळे त्यातही काही खटकलं नाही. फक्त म्हणाला कॅश द्या, बँकेतून घेतले की टॅक्स लागतो. आता हे वाक्य आपण पुण्या-मुंबईत इतक्यांदा ऐकलेलं असतं की कानाला टोचतच नाही. किल्ली हातात दिली आणि एक तारखेला या म्हणाला.

एक तारखेला बॅगा घेऊन वर गेलो तर दारात आधीच एक इराणी जोडपं उभं, आणि जिन्यावर बॅगेवर बसलेला केरळचा एक मेडिकलचा मुलगा. तिघांकडे सेम किल्ली, आणि एकाचीही लागेना, कारण कुलूप बदललेलं होतं. थोड्या वेळाने खरी मालकीण आली, साठीच्या पुढची बाई, आणि ती आमच्यावरच ओरडायला लागली. तिचंही बरोबर आहे म्हणा, तिच्या दारात परके लोक किल्ल्या घेऊन खुडबुड करतायत. शेजारच्या मुलीने मध्ये पडून भाषांतर केलं तेव्हा उलगडा झाला. तो फ्लॅट ती दिवसाच्या भाड्याने देते. त्या पठ्ठ्याने चार-पाच दिवसांसाठी तो बुक केला, किल्ल्यांच्या कॉप्या काढल्या आणि तेवढ्या दिवसांत येईल त्याला "माझं घर" म्हणून दाखवून सगळ्यांकडून पैसे घेतले. आपण जे जाऊन बघतो ना, ते घर असतं, मालकी नाही.

आणि यांना गिऱ्हाईक कोण लागतं, तर आमच्यासारखंच. टूरवाला हॉटेलात उतरतो, त्याच्याकडून काही निघत नाही. दोन-तीन महिने राहणाऱ्याकडे एकदम मोठी रक्कम तयार असते, भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही आणि हॉटेलचं बिल रोज चढत असतं म्हणून घाई असते.

आता कामाचं. जॉर्जियात नोंदणी झालेल्या प्रत्येक घराला कॅडॅस्ट्रल कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला नंबर, असतो. तो मालकाकडून मागून घ्या आणि पब्लिक रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर टाका, त्या घराचा उतारा निघतो. मालक कोण, घर गहाण आहे का, जप्ती आहे का, सगळं त्यात. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करताना आपण इंडेक्स टू मागतो तसंच समजा, आणि तेही घरबसल्या मिळतं. जॉर्जियन लिपी जिलबीसारखी दिसते, पण फोनचा कॅमेरा भाषांतर करून दाखवतो. उताऱ्यावरचं नाव आणि आयडी कार्डवरचं नाव जुळलं पाहिजे, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात गेले पाहिजेत. तिकडच्या खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) जीई (GE) अक्षरांनी सुरू होतो, "माझ्या भावाच्या जर्मनीतल्या खात्यात टाका" वगैरे आलं की उठायचं. मालक परदेशात आहे, मी त्याचा माणूस आहे म्हणाला तर नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र मागा. खरा माणूस कोड द्यायला कुरकुर करत नाही, पुढच्या घराच्या मालकाने तर आम्ही मागितल्यावर लगेच उतारा फोनवर पाठवला. दिवसाच्या भाड्याच्या ॲपवर तोच फ्लॅट दिसतोय का हेही फोटो टाकून शोधून बघा, आमचा दिसला, पण नंतर.

पोलिसांचं म्हणाल तर चौक्या तिकडे काचेच्या आहेत, बाहेरून आतलं सगळं दिसतं, आणि वागणूक खरंच चांगली मिळाली. दुभाष्या मिळेपर्यंत बसावं लागलं, मग इराणी जोडप्याचा, त्या मुलाचा आणि आमचा असे वेगवेगळे जबाब घेतले. आयडी कार्ड खोटं निघालं. पैसे परत मिळालेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालंच तर 112 ला फोन करा, करार, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच सेव्ह करून ठेवा, कारण आमची जाहिरात त्याच रात्री गायब झाली होती, आणि बाकी फसलेल्यांचे नंबर दारातच घेऊन ठेवा. केरळच्या मुलाकडे त्या माणसाचा फोटो होता, सहज काढलेल्या फ्लॅटच्या व्हिडिओत आलेला. पोलिसांना उपयोगी पडण्यासारखं आमच्या सगळ्यांकडे तेवढंच होतं.