गुडघ्यातला पू, थेंबाला चार हजार

सारसबागेत, तळजाईवर किंवा पर्वतीच्या पायथ्याशी सकाळी फिरणाऱ्यांपैकी जे जरा लंगडतात, मधेच कठड्यावर टेकतात, त्यांनी हे आवर्जून वाचावं. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, पाळी सगळ्यांची येते.

गाठणारा माणूस ठगासारखा अजिबात दिसत नाही. आम्हाला भेटला तो चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, बोलणं अदबीचं. "काकू, डावा गुडघा ना? माझ्या आईचं अगदी असंच होतं." आई म्हणे अंथरुणाला खिळली होती, आता पर्वती चढते. एका वैद्यराजांनी नळी लावून पू काढला, ते सध्या पुण्यातच आहेत, परवा निघणार. ऑपरेशनला पाच-सहा लाख घालवू नका, हेही त्याने काळजीने सांगितलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही. उलट आईला तिथल्या तिथे फोन लावून हिच्याशी बोलायला दिलं. जिना उतरताना कळ नेमकी कुठून कुठे जाते, ते त्या माउलीने हिला न विचारता सांगितलं. ती कोणाची आई होती देव जाणे, गुडघे मात्र तिचे खरे असावेत.

हिचं निदान आमच्या फाइलीत होतंच. सांध्यातली कूर्चा झिजलीय, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, मांडी घालून बसू नका, पुढे गरज पडली तर सांधा बदलू. सगळं बरोबर आणि भयंकर कंटाळवाणं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की सहसा भरून येत नाही. पण झीज कोणाला काढून दाखवता येत नाही. एक्स-रेत दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसते, तीही डॉक्टरांनी पेनने दाखवली तर. वैद्यराजांनी आजार वाटीत काढून समोर ठेवला. त्यांचं सगळं यश त्या वाटीत होतं, आणि वाटीही आमचीच.

ते आले सकाळी अकराला, मुलगा-सून कामावर गेल्यावर. घरात आणखी कोण असतं, हे आधीच फोनवर विचारून झालं होतं. ब्लेडने गुडघ्याभोवती बारीक चिरा, त्यावर पितळी नळी, तोंडाने ओढायचं आणि पिवळा घट्ट गोळा वाटीत टाकायचा. "फी नाही, फक्त जेवढा पू निघेल तेवढ्याचे. थेंबाला चार हजार. काकूंना फार तर पाच-सहा थेंब निघतील." शेजारी बसलेला मदतनीस मोठ्याने मोजत होता आणि कागदावर रेघा ओढत होता. रेघा पाच-सहावर थांबल्या नाहीत. मी थांबा म्हटलं, तर अर्धवट सोडल्यास उरलेला पू दुसऱ्या गुडघ्यात उतरेल म्हणाले. बायकोच्या पायातून रक्त येत असताना भावाची घासाघीस करणं पुणेकरालाही जमत नाही.

पैसे रोखच हवेत. यूपीआयला वैद्यराजांचं कसलंसं व्रत आडवं आलं. मदतनिसाने मला स्कूटरवर डबलसीट एटीएमला नेलं. लाखाच्या वर आकडा गेला होता, तेवढे यंत्रातून निघेनात म्हणून तिथून बँकेत. पैसे मोजून देतोय तोच मुलाचा फोन. बँकेचे मेसेज त्याच्याही मोबाइलवर जातात. "बाबा, सोनं घेताय का?" मी खरं ते सांगेपर्यंत स्कूटर दिसेनाशी झाली होती. रिक्षा करून घरी पोचलो, तर वैद्यराजही गेलेले. मागे ब्लेड राहिलं होतं.

संध्याकाळी अस्थिरोगतज्ज्ञ हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. सांध्यात खरोखर पू झाला तर गुडघा सुजून तापतो, बहुतेक वेळा अंगात ताप भरतो, पाय टेकवत नाही. ती तातडीची वेळ असते, रुग्णालयात निर्जंतुक सुईने पाणी काढून तपासतात. बागेत फेऱ्या मारणाऱ्या बाईला तो नसतो. पिवळा गोळा नळीत आधीच भरलेला असतो. वैद्यराजांनी सुश्रुताचा दाखला दिला होता. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळा लावून दूषित रक्त काढण्याचं वर्णन आहे हे खरं, पण ते रक्ताचं, सांध्यातल्या पुवाचं नाही. ऑपरेशनच्या खर्चाची भीतीही फुगवलेली होती. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. रुग्णालयाचा खर्च त्याहून वेगळा, हे मान्य.

पैशांपेक्षा डॉक्टरांना काळजी ब्लेडची होती. ते आधी किती जणांच्या गुडघ्यांवरून फिरलं असेल? म्हणून हिच्या रक्ताच्या तपासण्या: हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, काही महिन्यांनी परत एकदा. सत्तरीच्या आजीबाईंचा तो फॉर्म लॅबमधल्या मुलीने दोनदा वाचला. "सासूबाईंना कळलं असतं तर," एवढंच ही म्हणाली. पहिले रिपोर्ट स्वच्छ आले.

पोलिसांत तक्रार दिली आहे. चारशेवीस म्हणायची सोय आता राहिली नाही, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. दिलेला नंबर अर्थातच बंद.

असा कोणी भेटला तर नोंदणी क्रमांक विचारा. ॲलोपॅथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे असते, आयुर्वेदवाल्यांची महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. आमच्याकडे राहिलेल्या कागदावर त्या जागी "वंशपरंपरागत" असं छापलंय. घरात शिरलाच असेल तर शेजाऱ्यांना हाक मारा आणि ११२ लावा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३०. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. हे नंबर फ्रिजवर जाड अक्षरांत लिहून चिकटवा, ऐन वेळी चष्मा सापडत नाही.